न विचारता वीस वर्षं

ऑडविक लॉक, श्रॉपशर
५ सप्टेंबर १९८३

विंडल वकील यांस,

माझी नात हेस्टर म्हणाली, "आजी, घराबद्दल मला रोज नवे प्रश्न विचारू नकोस. मी दवाखान्यात नर्स आहे. वकिलाला विचार, त्याला मी त्याचेच पैसे देते." म्हणून तुम्हाला विचारते. मला लिहिता येत नाही. मी बोटीवर जन्मले, बोटीवरच वाढले. शाळा काठावर असायची आणि आम्ही पुढे निघून जायचो. हे पत्र पोस्टातल्या प्रीसबाई लिहितायत. शुद्धलेखन त्यांचं, अक्कल माझी.

घर तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. कालव्यात बोटी वर-खाली करायचे दरवाजे आहेत, त्यांना लागून दोन खोल्या आणि कोळशाची पडवी. नवरा दरवाजे सांभाळायचा, म्हणून एक्कावन्न साली कालव्याच्या कंपनीने आम्हाला ते भाड्याने दिलं. नवरा गेला, भाडं चालू राहिलं. आता कंपनी सगळी घरं विकायला निघाली आहे. पंचवीस मार्चपर्यंत पहिला हक्क आमचा, नंतर लिलाव. हेस्टर कर्ज काढतेय.

आता प्रश्न. घोडा घेताना माणूस त्याचं तोंड उघडून दात बघतो. तुम्ही घोडा सोडून त्याचे कागदच का हुंगता? दुसरं, हा 'सर्च' म्हणजे काय शोधताय? घर जिथल्या तिथे आहे, मी आत्ता त्यातच बसलेय. तिसरं, कराराची अदलाबदल एका दिवशी आणि ताबा दुसऱ्या दिवशी, असं का? मधल्या दिवसांत घर कुणाचं? छप्पर उडालं तर ओरडायचं कुणाच्या नावाने?

आणि एक गोष्ट हेस्टरने सांगितली नसेल. माझा मुलगा सायलस माझ्याजवळ असतो. एक्कावन्न वर्षांचा आहे. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलत नाही. पण दरवाज्याच्या आडव्या लाकडावर तळहात ठेवला की दोन वळणांपलीकडची बोट त्याला कळते. नगरपालिका मला शहरात म्हाताऱ्यांच्या घरांत खोली द्यायला तयार आहे. साठीच्या आतल्या माणसाला तिथे ठेवत नाहीत. म्हणजे हे घर मिळालं तर आम्ही दोघं, आणि नाही मिळालं तर मी एकीकडे आणि तो कुठे, देवालाच ठाऊक. म्हातारी एवढी कटकट का करतेय ते आता कळलं ना?

× थर्झा जेव्हन्सची फुली


व्हिटलो अँड डेस, वकील
१४ सप्टेंबर १९८३

आदरणीय श्रीमती जेव्हन्स,

आपलं पत्र मिळालं. आपले प्रश्न रास्त आहेत. पुष्कळ खरेदीदार ते मनात ठेवतात आणि नंतर पस्तावतात.

घर पाहणं हे आमच्या कामात येत नाही. भिंती आणि छप्पर मोजणीदार पाहतो. मी पाहतो ते घर विकणाऱ्याचंच आहे का आणि त्याच्यासोबत दुसरं काय गळ्यात पडतंय. सर्च म्हणजे नगरपालिका, पाणीखातं आणि कोळसाखातं यांना विचारलेले प्रश्न: घराखालून खाण गेली आहे का, समोरून रस्ता काढायचा बेत आहे का, वगैरे. उत्तर द्यायला ते सहा आठवडे घेतात. करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात, त्यानंतर कुणालाही मागे फिरता येत नाही. मधल्या दिवसांत घर कंपनीचंच असेल, पण छप्पर उडालं तर भुर्दंड बहुधा हेस्टर यांचा. म्हणून विमा त्याच दिवसापासून घ्यायचा.

आता माझा एक प्रश्न. कंपनीने पाठवलेल्या नकाशात आपल्या घराभोवती लाल रेघ आहे. रेघेच्या एका बाजूला कालवा आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना गॅटेकर यांचं शेत. काठावरची, पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट पायी चालायला सर्वांना मोकळी आहे, पण तिथून गाडी नेण्याचा हक्क कंपनी देत नाही. मग आपल्याकडे कोळसा कुठून येतो? डॉक्टर कुठून येतात? रस्त्यापासून घरापर्यंत गाडीची वाट नसेल तर कर्ज देणारी संस्था कर्ज देणार नाही.

आपला,
बर्नार्ड विंडल


ऑडविक लॉक
२० सप्टेंबर १९८३

विंडल वकील यांस,

एवढंच ना? घाबरवलंत की हो मला. प्रीसबाईंनी "तिन्ही बाजूंना शेत" असं वाचलं तेव्हा मला वाटलं, घर उडून दुसरीकडे गेलं.

वाट गॅटेकरच्या शेतातूनच आहे. फाटकातून आत, कुंपणाच्या कडेकडेने, ओढ्यावरचा फळ्यांचा पूल ओलांडला की आमची पडवी. बत्तीस वर्षं आम्ही तिथूनच येतो-जातो. कोळशाची गाडी तिथून येते. हेस्टरच्या आईच्या बाळंतपणाला सुईण तिथूनच आली आणि चिखलात तिचा बूट राहिला. माझा नवराही त्याच वाटेने गेला, सहा माणसांच्या खांद्यावर. कुणी अडवलं नाही.

आणि हे नीट लिहून घ्या, म्हणजे कंपनीचं तोंड बंद होईल. आम्ही ती वाट चोरासारखी कधीच वापरली नाही. बोटीवरच्या माणसांची रीत आहे. दुसऱ्याच्या काठाला दोर बांधायचा तर आधी विचारायचं, आणि विचारायला रिकाम्या हाताने जायचं नाही. माझी आई म्हणायची, न विचारता बांधलेला दोर आपल्याच गळ्याला येतो. म्हणून दरवर्षी पंचवीस मार्चला, कंपनीचं भाडं भरलं की, मी चांगला एप्रन घालून म्हाताऱ्या विल्फ्रेड गॅटेकरच्या दारात जायची. सायलसने गुलाब काढलेलं एक पत्र्याचं ओगराळं द्यायची आणि म्हणायची, "गॅटेकर, ह्या वर्षी वाट देतोस का?" तो म्हणायचा, "थर्झा, नाही म्हटलं तर पोहत येशील का?" मी म्हणायची, "तुझ्या पोटावर पाय देऊन येईन." मग तो म्हणायचा, "जा गं बाई, दिली वाट," आणि आम्ही चहा प्यायचो. एक वर्ष चुकवलं नाही. न्युमोनिया झाला त्या वर्षी ओगराळं घेऊन सायलस एकटा गेला होता.

गेल्या जानेवारीत विल्फ्रेड वारला. नाहीतर त्यानेच तुम्हाला सांगितलं असतं, ह्या बाईइतकी रीतीची शेजारीण श्रॉपशरमध्ये दुसरी नाही.

× थर्झा जेव्हन्सची फुली


व्हिटलो अँड डेस, वकील
२७ सप्टेंबर १९८३

आदरणीय श्रीमती जेव्हन्स,

हे पत्र मी तीन वेळा फाडून पुन्हा लिहिलं.

कागदावर दिलेली नसली तरी वाट हक्काची होऊ शकते. त्याला वहिवाट म्हणतात. वीस वर्षं सलग वापर लागतो, आणि तो कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने व्हावा लागतो: जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही आणि परवानगीने नाही. मालकाने पाहावं, अडवू शकत असूनही अडवू नये, आणि वापरणाऱ्याने वाट स्वतःचीच असल्यासारखं चालावं. तशी वीस वर्षं झाली की घराला हक्क मिळतो.

आपली बत्तीस झाली. पण आपण दरवर्षी विचारलंत. ज्या दिवशी माणूस विचारतो त्या दिवशी तो कबूल करतो की वाट दुसऱ्याची आहे. मालकाने "दिली" म्हटलं की ती मेहेरबानी होते, आणि मेहेरबानी कितीही वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही. आपण एकदाही विचारलं नसतं तर आज माझ्यापुढे काहीच अडचण नव्हती.

एक मार्ग आहे. शेत आता विल्फ्रेड गॅटेकर यांचा पुतण्या डेरेक याच्या नावावर आहे. त्याने वाटेचा हक्क लिहून दिला तर सगळं सुटेल. आपली ओळख असेल तर आपणच आधी बोलून पाहा, वकिलाचं पत्र गेलं की लोक ताठरतात. आणि कृपया कळवा: आपल्या ह्या विचारण्याचा कुठे काही लेखी कागद आहे का?

आपला,
बर्नार्ड विंडल


ऑडविक लॉक
११ ऑक्टोबर १९८३

विंडल वकील यांस,

प्रीसबाईंनी तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला वाटलं त्या एखादी ओळ गाळतायत. म्हणजे मी मुजोरी केली असती, फाटक उघडं टाकलं असतं, विल्फ्रेडला ओळखही दिली नसती, तर आज वाट माझी होती? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. ज्याने हा कायदा केला त्याच्या घरी शेजारी नसतील.

आणि स्वतःच्या तोंडाने तुम्हाला सगळं सांगून बसले, तेही फुशारकीने. हात दाखवून अवलक्षण!

डेरेककडे गेले होते. सायलसला बरोबर नेलं. डेरेक दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही. मी म्हटलं, "डेरेक, तुझा काका वाट द्यायचा."

"माझा काका मेला."

"माहीत आहे. मी आले होते पुरायला. तू उशिरा आला होतास."

"काय पाहिजे म्हातारे?"

"तेच. वाट. ह्या वेळी कागदावर."

हसला तो. म्हणाला, "तुझ्या घराला वाट नाही म्हणजे ते कुणी घेणार नाही. मार्चमध्ये लिलाव होईल. मी घेईन, स्वस्तात. उन्हाळ्यात मासे धरायला शहरातली माणसं येतात, त्यांना भाड्याने देईन. तुला वाट देऊन स्वतःच्या पायावर धोंडा मारू?"

मी म्हटलं, "आणि हा?" सायलसकडे बोट केलं. डेरेक म्हणाला, "ह्याला काय कळतंय?" सायलस त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला तोंडं कळतात. आवाज आड येत नाही ना.

लेखी कागदाचं विचारलंत. मला लिहिता येत नाही, आणि विल्फ्रेड सही करताना जीभ बाहेर काढायचा. कागद कुठला असणार?

म्हणून म्हणते. विल्फ्रेड गेला. चहाच्या टेबलावर आम्ही दोघंच असायचो. राहिलं माझं ते पत्र. ते शेगडीत घाला. प्रीसबाई म्हणतात त्यांनी ते लिहिलंच नाही. (मी असं म्हटलेलं नाही. मी म्हटलं की मला आठवत नाही. – ओ. प्रीस)

× थर्झा जेव्हन्सची फुली


घरून
२ नोव्हेंबर १९८३

जेव्हन्स आजी,

हे पत्र कचेरीतलं नाही. त्याची प्रत ठेवलेली नाही. उत्तर देऊ नका.

गेल्या रविवारी मी ऑडविकला आलो होतो. घोड्याच्या तोंडाबद्दल आपण लिहिलं होतं ते डोक्यातून जात नव्हतं. आत आलो नाही, पुलावर उभा राहिलो. आपला मुलगा दरवाज्याच्या लाकडावर हात ठेवून बसला होता. बराच वेळ काही आलं नाही. मग तो उठला, त्याच लाकडाला पाठ लावून दरवाजा उघडला, आणि मगच वळणावरून बोट दिसली. बोटीवरच्या माणसाने टोपी उंचावली. आपल्या मुलानेही.

आपलं वीस सप्टेंबरचं पत्र माझ्या कचेरीतल्या फायलीत नाही. मी ते जाळलेलं नाही. फायलीत नाही एवढंच सांगतो.

सोबत एक प्रतिज्ञापत्र येईल. त्यात आपण ती वाट किती वर्षं आणि कशी वापरली ते आहे. शपथ देणारे अधिकारी ते आपल्याला मोठ्याने वाचून दाखवतील. खरं असेल तरच फुली करायची, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. ते मी सांगितलं. मी आपल्याला काही विचारत नाही.

ब. वि.


ऑडविक लॉक
१८ नोव्हेंबर १९८३

विंडल वकील यांस,

उत्तर देऊ नका म्हणालात, म्हणून हे उत्तर नाही. शपथ कशी झाली तेवढं सांगते.

अधिकारी म्हणजे पडसं झालेला एक लांबोडका माणूस. वाचायला लागला: मी थर्झा जेव्हन्स, वय चौऱ्याहत्तर, सन एकोणीसशे एक्कावन्नपासून... सगळं खरं. कोळशाची गाडी खरी, सुईण खरी. मग आलं, "कोणाचीही परवानगी न घेता आणि कोणाकडेही ती न मागता." तिथे त्याला शिंक आली. मी देवाला म्हटलं, ही तुझी खूण असेल तर आणखी एकदा शिंकव. नाही शिंकला.

बायबलवर हात ठेवला. फुली केली. आजवर मी पुष्कळ फुल्या केल्या, लग्नाची केली, पुरण्याची केली. ही पहिलीच अशी की विल्फ्रेड असता तर त्याच्याकडे बघवलं नसतं. त्याच्यासारख्या माणसाला मी कागदावर बत्तीस वर्षं झोपलेला दाखवलं, आणि स्वतःला फाटकं ढकलणारी. पण सायलस बाहेर बाकावर बसला होता. आतून मला त्याचे बूट दिसत होते.

येताना आम्ही शेतातून आलो. गॅटेकरच्या घरासमोर आलं की सायलस टोपी काढतो, विल्फ्रेड असो नसो. त्या दिवशी मी त्याची बाही ओढली आणि टोपी डोक्यावरच ठेवायला लावली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी तोंड फिरवलं.

आता पुढचं कळवा. हेस्टरने पडद्याचं कापड बघितलंय.

× थर्झा जेव्हन्सची फुली


व्हिटलो अँड डेस, वकील
३० जानेवारी १९८४

आदरणीय श्रीमती जेव्हन्स,

ख्रिसमसपूर्वी कर्जसंस्थेने आपलं प्रतिज्ञापत्र मान्य केलं होतं, हे हेस्टर यांनी सांगितलं असेल. करारांची अदलाबदल सहा फेब्रुवारीला ठरली होती. ती होणार नाही.

शुक्रवारी डेरेक गॅटेकर यांच्या वकिलांचं पत्र आलं. सोबत छायाचित्रं आहेत. गॅटेकरांच्या स्वयंपाकघरात तुळईला खिळे ठोकून ओगराळी टांगलेली आहेत. एकतीस. प्रत्येकावर गुलाब. प्रत्येकाच्या बुडाला बारीक ब्रशने साल लिहिलंय, १९५२ ते १९८२, मध्ये एकही गळलेलं नाही. घरकाम करणाऱ्या बाईंनी लिहून दिलंय की दरवर्षी पंचवीस मार्चला श्रीमती जेव्हन्स वाट मागायला यायच्या आणि साहेब "दिली" म्हणायचे. त्या बाई शेजारच्या कोठीत असायच्या.

मी आपल्याला विचारलं होतं, लेखी काही आहे का. आपण कागद नाही म्हणालात. ते खरंच होतं. माझा प्रश्नच अपुरा होता.

कर्ज रद्द झालं. प्रतिज्ञापत्र मागे घेतल्यास आपल्यावर कारवाई करणार नाही, असं समोरच्या वकिलांनी कळवलंय. मी ते आजच मागे घेतलं. आपलं सप्टेंबरचं पत्र फायलीत परत ठेवलं आणि वरिष्ठांना सगळं सांगितलं. फेब्रुवारीअखेर मी ही कचेरी सोडतोय. हेस्टर यांना फी लागणार नाही.

दुसरा उपाय मी शोधला. नाही.

बर्नार्ड विंडल


शहरातून
२७ मे १९८४

विंडलसाहेब,

पत्ता प्रीसबाईंनी शोधून दिला. बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहिता म्हणे. बरं आहे. बी खोटं निघालं तर निदान उगवत नाही, तेवढ्यावर भागतं.

हा हात प्रीसबाईंचा नाही. इथे म्हाताऱ्यांवर देखरेख करणारी लिंडा म्हणून एक मुलगी आहे, ती लिहितेय. अक्षर कसं आहे ते मला काय कळणार, पण जीभ बाहेर काढून लिहितेय.

तुमच्यावर राग नाही. सालांचं मला माहीत नव्हतं. कोळसेवाल्याचं कॅलेंडर भिंतीवर असायचं, त्यातलं बघून सायलस बुडाला काढत असेल. त्याला ते आकडे म्हणून कुठे ठाऊक, नक्षीच वाटली असेल. आणि ओगराळ्याचं बूड उलटं करून कोण बघतं? त्याने काम चोख केलं, एवढाच त्याचा गुन्हा.

घर डेरेकने घेतलं. मी इथे आहे. खोली उबदार आहे, बाहेर मोटारी उभ्या करायची जागा दिसते. सायलसला न ऐकणाऱ्यांच्या वसतिगृहात ठेवलंय, इथून दोन बस बदलून जावं लागतं. तिथली माणसं वाईट नाहीत. पण तो तीनदा निघून गेला. कालवा त्याला पाठ आहे. अकरा मैल चालून ऑडविकला गेला, दरवाज्याच्या लाकडावर हात ठेवून बसला. मग बाकीची वाट सवयीची. शेतातून, फळ्यांचा पूल ओलांडून, पडवीत. तीनही वेळा पोलिसांनी आणून सोडला.

म्हणून विचारते. हेस्टर म्हणते, आजी, आता पुरे कर. पण फुकट आहे तर विचारते. सायलस कुणाची परवानगी घेत नाही. लपूनछपून जात नाही, भर दुपारी जातो. कुणाला धक्का मारत नाही. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अटी त्याला लागू आहेत. तो आता बावन्नचा होईल. वीस वर्षं म्हणजे बहात्तर. आमच्यात माणसं तोवर टिकतात. मोजायला आजपासून घ्यायचं की पहिल्या वेळेपासून?

× थर्झा जेव्हन्सची फुली


४ जून १९८४

जेव्हन्स आजी,

मी आता वकील नाही, पण ह्या प्रश्नाचं उत्तर मला येतं.

वहिवाट माणसाला मिळत नाही. ती घराला मिळते, आणि घर ज्याचं त्याला. ज्याला त्या बाजूला घर नाही, जमीन नाही, तो वीस काय साठ वर्षं चालला तरी त्याला हक्क मिळत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या शेतात शिरलेला माणूस असतो.

दुसरी गोष्ट मी वसतिगृहात फोन करून विचारली. डेरेकने मनाईचा हुकूम मागितलाय. सायलस पुन्हा तिथे सापडला तर वसतिगृह त्याला ठेवू शकणार नाही. मग त्याला जिथे पाठवतील तिथे दारांना बाहेरून कडी असते.

त्याला जाऊ देऊ नका. तुमच्याशिवाय हे त्याला कुणी समजावू शकणार नाही.

बर्नार्ड विंडल


शहरातून
१२ जून १९८४

विंडलसाहेब,

रविवारी गेले होते. दुपारी एकला पोचले, चहाची घंटा झाली तरी तिथेच होते.

आमच्या दोघांच्या खुणा आम्हीच बनवलेल्या. पाणी, बोट, भूक, बाप, बर्फ, दोर सोड, थांब. 'थांब' म्हणजे बोट येईपर्यंत थांब. 'जाऊ नकोस'सुद्धा आहे, पण ते बर्फ जमल्यावरचं. बर्फ वितळलं की ते संपतं, असंच तो धरून चालतो. 'परक्याचं' ह्याला आमच्याकडे खूणच नाही. लागलीच नाही कधी. बोटीवर पाणी कंपनीचं, काठ शेतकऱ्याचा, घोडासुद्धा निम्मा मालकाचा. सगळंच दुसऱ्याचं, त्याला वेगळी खूण कशाला? विचारायचं आणि जायचं.

म्हणून नवी बनवावी लागली. शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा कप होता. सायलसने हात पुढे केला की मी तो धरून मागे न्यायची, त्याच्या पाठीमागे. दोन्ही हात पाठीमागे, एकात एक. कप, हात मागे. त्या माणसाची टोपी, हात मागे. त्याचे जोडे, हात मागे. पहिल्यांदा त्याला खेळ वाटला, हसला. तासाभराने कळलं.

मग मी दरवाज्याची खूण केली, पाठ लावून ढकलायची. घराची केली. आणि माझे हात पाठीमागे नेले.

तो बघत राहिला. माझे हात ओढून पुढे आणले. मी पुन्हा मागे नेले. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. शेवटी त्याने स्वतःहून दरवाजा केला, घर केलं, आणि हात मागे नेले. आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. ह्या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

आता जाणार नाही तो. तुम्ही निश्चिंत असा.

निघायला मी कोट घातला. त्याने पलंगाकडे बोट केलं, हात मागे नेले, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कपाटाकडे बोट केलं, हात मागे. खिडकी, हात मागे. दार, हात मागे. एकेक करून अख्ख्या खोलीतलं त्याने विचारलं, आणि प्रत्येकाला मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं. मी बसकडे गेले तेव्हा खिडकीतून दिसत होता. खोलीच्या मधोमध उभा, कशालाही न टेकता, हात पाठीमागे.

× थर्झा जेव्हन्सची फुली